बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा, आणि आपल्या ट्यूबवेली

मंडळी, गेल्या आठवड्यात एक व्हिडिओ मला चार वेगवेगळ्या ग्रुपवरून आला. बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याचा. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘जगातील एकमेव जिवंत भूमिगत जलव्यवस्था, पाणी मिनरल वॉटरपेक्षा शुद्ध!’ पाठवणारे सगळे आपल्याच रावेर-यावल पट्ट्यातले. त्यातल्या एकाला फोन करून विचारलं, ‘भाऊ, गेला आहेस का कधी?’ तर म्हणे, ‘नाही ना, लग्नाच्या साड्या घ्यायला जातो तेवढंच.’

आपल्याकडून बऱ्हाणपूर तासाभराच्या आत. मधे राज्याची हद्द आहे, पण ती फक्त पाटीवर. तिकडेही केळी, इकडेही केळी. तिकडच्या बाजारात मराठी चालतं, आपल्याकडे निम्मे सोयरे तिकडचे. आणि जमिनीच्या खाली तर हद्दच नाही. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, त्यावर परत येतो. आधी थोडा इतिहास, कारण व्हिडिओत सांगितलेल्यातलं निम्मं चूक आहे आणि जे खरं आहे ते त्याहून भारी आहे.

बऱ्हाणपूर वसवलं फारुकी सुलतानांनी, साधारण १४०० च्या सुमारास. सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं नाव गावाला दिलं. त्यांची कबर आपल्या खुलताबादला आहे. तेव्हापासून बऱ्हाणपूर ही खानदेशची राजधानी. जळगाव, धुळे वगैरे पुढची गोष्ट. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला, फारुकी संपले आणि बऱ्हाणपूर मोगलांच्या दक्षिण मोहिमेचं ठाणं झालं. म्हणजे काय झालं? एका मध्यम गावावर अचानक लष्कर येऊन बसलं. हत्ती, घोडे, उंट, बाजारबुणगे, सरदारांच्या हवेल्या, बागा, हमामखाने. हे सगळं पाणी पितं.

तापी आहेच की, असं कोणी म्हणेल. ज्यांनी शाही किल्ल्याच्या मागून तापी पाहिली आहे त्यांना कळेल अडचण काय ती. नदी खाली, गाव वर उंच काठावर. पखालींनी आणि मोटांनी किती चढवणार? शिवाय पावसाळ्यात गढूळ. शत्रूने नदीत विष कालवलं तर काय, ही भीतीही होती असं बऱ्हाणपूरचे लोक सांगतात. ते खरं-खोटं काहीही असो, गावाला वेढा पडण्याची भीती मात्र खोटी नव्हती. मलिक अंबरच्या फौजा १६२० च्या सुमारास थेट बऱ्हाणपूरला येऊन भिडल्या होत्या.

तेव्हा तिथला कारभारी होता अब्दुर्रहीम खानखाना. होय, तोच दोह्यांवाला रहीम. आपण हिंदीच्या पुस्तकात पाठ केला तो. त्याच्या आदेशावरून इराणी जाणकार तबकुतुल अर्ज याने १६१५ मध्ये हे काम केलं असं मानतात. नावाचा अर्थच जमिनीच्या थरांशी जोडलेला आहे, त्यामुळे हे त्याचं नाव की पदवी, असा प्रश्न मला नेहमी पडतो. असो.

याच १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून अजमेरला जाताना बऱ्हाणपूरला थांबला. जहांगीरचा मुलगा परवेज तिथे होता, त्याला भेटायला. रोला गाव काही आवडलं नाही. शहजादा, खानखाना आणि थोड्या लोकांची घरं सोडली तर बाकी सगळी मातीची खोपटी, असं त्याने रोजनिशीत लिहून ठेवलंय. पुढे खासगी भेट ठरली होती ती झालीच नाही, कारण रोने भेट दिलेल्या दारूच्या पेटीनेच शहजाद्याला आडवं केलं. रो तिथे तापाने आजारीही पडला. एवढं सगळं लिहिणाऱ्या या माणसाच्या पायाखाली त्याच सुमारास भुयारं खोदली जात होती! वर दिसत होती ती मातीची खोपटी. गावाची खरी श्रीमंती जमिनीखाली होती.

आता ही व्यवस्था चालते कशी ते सांगतो. सोपं आहे, पण नीट समजून घ्या.

गावाच्या उत्तरेला सातपुडा. डोंगरावर पडलेलं पाणी पायथ्याशी मुरतं आणि जमिनीतून हळूहळू दक्षिणेला तापीकडे सरकतं. हे सरकणारं पाणी वाटेतच अडवायचं, ही कल्पना. त्यासाठी डोंगराच्या बाजूला खोल विहीर खोदली, जिथे पाझर लागला तिथपर्यंत. मग तिथून गावाच्या दिशेने जमिनीच्या आतून भुयार काढलं. भुयाराला अगदी थोडा उतार. उतार जास्त झाला तर पाणी जोरात वाहून भुयाराची जमीन खाणार, कमी झाला तर गाळ साचणार. जमीन गावाकडे उतरत जाते, भुयार तिच्यापेक्षा कमी उतरतं, म्हणून गाव येईपर्यंत पाणी आपोआप जमिनीच्या जवळ येतं. पंप नाही, मोट नाही, बैल नाही.

आणि कुंड्या? भुयार खोदताना माती वर कशी काढणार, आत माणसाला हवा कशी मिळणार, दिशा कशी पकडणार? म्हणून ठरावीक अंतरावर वरून उभ्या विहिरी खोदायच्या आणि एकीच्या तळातून दुसरीच्या तळाकडे जायचं. काम झाल्यावर त्याच विहिरी साफसफाईला उपयोगी. कुंडी भंडाऱ्यात अशा शंभरावर कुंड्या आहेत. वरून पाहिलं तर लालबागेकडच्या शेतांतून आणि वस्तीतून एका ओळीत चाललेले गोल चौथरे दिसतात. तोंड जमिनीपेक्षा उंच बांधलेलं, म्हणजे पावसाचं वाहतं पाणी आत शिरू नये. शेवटी पाणी जाली करंज या हौदात यायचं आणि तिथून खापरी नळांनी शहरात वाटलं जायचं.

मी काही वर्षांपूर्वी आत उतरलोय. एका कुंडीवर लिफ्ट बसवली आहे. लिफ्ट म्हणजे मॉलमधली समजू नका, पिंजरा आहे. ती कधी चालू असते, कधी बंद, त्या दिवशी आमचं नशीब. सुमारे ८० फूट खाली. वर मार्च महिन्याचं ऊन, खाली एकदम गार. जेमतेम एक माणूस चालेल एवढं भुयार, पायाखाली वाहतं पाणी, आणि भिंती पांढऱ्या. चुना लावल्यासारख्या. पुढच्या कुंडीपाशी वरून उजेडाचा एक खांब उतरलेला, मग पुन्हा अंधार, मग पुन्हा खांब. माझ्याबरोबरचा माहितगार म्हणाला, ‘साहेब, हात लावून पाहा, भिंतीतून येतंय.’ खरंच भिंतीतून पाणी पाझरत होतं. चारशे वर्षं झाली, पाझरतंय.

बाहेर आलो तेव्हा माझ्या वहीत बातमीचं एकही वाक्य नव्हतं.

आता त्या व्हिडिओकडे. ‘जगातील एकमेव’ हे साफ चूक. या पद्धतीला इराणात कनात म्हणतात, आणि तिथे ती हजारो वर्षांपासून आहे. २०१६ मध्ये युनेस्कोने इराणमधल्या ११ कनातींना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांतल्या चालू आहेत. ओमानचे अफलाज २००६ पासून त्या यादीत आहेत. चीनच्या तुर्फानमध्ये कारेझ आहेत. एवढ्या लांब कशाला, कर्नाटकात बीदरला नौबादचं कारेझ आहे, ते बहमनी काळातलं, म्हणजे बऱ्हाणपूरच्याही आधीचं. आणि आपल्या औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे नहर? बऱ्हाणपुरात खानखाना भुयारं खोदत होता त्याच दशकात खडकीला मलिक अंबर नहर बांधत होता. दोघे एकमेकांचे हाडवैरी. वर्षानुवर्षं लढले. आणि दोघांनीही आपापल्या गावासाठी डोंगराचं पाणी जमिनीखालून आणलं. मला हा योगायोग ‘जगातील एकमेव’पेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

‘मिनरल वॉटरपेक्षा शुद्ध’ हेही जरा जपून. भिंती पांढऱ्या आहेत त्या पाण्यातल्या चुन्यामुळे. म्हणजे पाणी जड आहे. आणि वर वस्ती वाढली, शौचालयांचे खड्डे आले, शेतात युरिया आला, तर जमिनीतून पाझरणाऱ्या पाण्यात ते उतरणार नाही याची हमी कोण देणार? पाणी तपासून प्या, एवढंच म्हणतो.

आणखी एक. लोक समजतात की कुंडी भंडारा म्हणजे एकच व्यवस्था. तशा आठ होत्या. इंग्रजी गॅझेटियरात त्यांची चांगली नोंद आहे. दोन वाहत्या ओढ्यांवरून काढलेले पाट होते, ते त्या काळीच मोडलेले. बाकी सहा विहिरी आणि भुयारांच्या. मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण, आणि हा खुनी किंवा कुंडी भंडारा ही नावं अजून लोकांच्या तोंडी आहेत. ‘खुनी’ का, याच्या पाच माणसं पाच कथा सांगतात. पाणी लालसर होतं म्हणून, कोणाचा खून झाला म्हणून, वगैरे. मी कोणतीच छापणार नाही.

गॅझेटियरात असंही आहे की काही भंडारे बहादूरपुऱ्यासाठी होते. हे नाव आपल्याला दुसरीकडून माहीत आहे. जानेवारी १६८१ च्या अखेरीस, संभाजी महाराज गादीवर आल्याबरोबर, हंबीरराव मोहित्यांनी बऱ्हाणपूरवर धाड घातली आणि जो श्रीमंत पुरा तीन दिवस लुटला तो हाच. मोठमोठ्या व्यापाऱ्यांचा पुरा. आपण ही लूट शाळेत शिकलो, पण पुरा एवढा श्रीमंत का झाला हे कोणी विचारलं नाही. कापड, जरी, सुरतेचा रस्ता ही कारणं खरीच. पण ज्या वस्तीला जमिनीखालून बारमाही पाणी येतं तिथेच रंगारी, विणकर आणि सराफ टिकतात, हेही कारण आहे. पुढे १७६० मध्ये उदगीरनंतर बऱ्हाणपूर मराठ्यांकडे आलं, मग शिंद्यांकडे, मग इंग्रजांकडे. राज्यं बदलली. पाणी त्याच उताराने येत राहिलं.

मुमताज महल १६३१ मध्ये इथेच वारली, चौदाव्या बाळंतपणात. तापीपलीकडे आहुखान्यात तिला आधी पुरलं, नंतर आग्र्याला नेलं. पर्यटक तेवढंच बघून परत जातात.

आता मूळ मुद्दा. मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत मध्य प्रदेशची सहा ठिकाणं गेली, त्यांत हा भंडारा आहे. आनंद झाला. पण तात्पुरती यादी म्हणजे आपल्या देशाने ‘आमचं हे नाव पुढे विचारात घ्या’ असं कळवणं. मानाचं पान अजून वाढलेलं नाही. बातम्या मात्र ‘वारसा दर्जा मिळाला’ अशा लागल्या. आमच्याच धंद्यातल्या लोकांनी लावल्या.

बरं, दर्जा मिळाला तर वाचवायचं काय? चौथरे रंगवायचे, पेव्हर ब्लॉक बसवायचे, सेल्फी पॉइंट करायचा, हे सगळं जमेल. सरकारला इमारत वाचवता येते. पण कुंडी भंडाऱ्याची इमारत म्हणजे भिंत नाही. सातपुड्याच्या पायथ्यापासून भुयारापर्यंतची सगळी जमीन हीच ती इमारत. पाणी जिथे मुरतं तो भाग बांधकामाखाली गेला, किंवा भुयाराच्या वरच्या अंगाला कोणी खोल ट्यूबवेल मारली, तर चौथरे संगमरवराचे केले तरी आत धूळ उडेल.

हे का, ते सांगतो. भुयार ज्या खोलीवर आहे त्याच खोलीवर आहे. त्याला खाली जाता येत नाही. पाण्याची पातळी भुयाराच्या तळाखाली गेली की ते कोरडं. उलट ट्यूबवेलला २०० फुटांवर नाही लागलं तर ४००, नाही तर ६००. माझ्या मते या जुन्या व्यवस्थेचा सगळ्यात मोठा गुण हाच, की तिला हावरटपणा करताच येत नाही. जेवढं वरून मुरलं तेवढंच ती देणार. गावाने जास्त मागितलं तरी देणार नाही. खानखाना असो की परवेज.

भुयाराचा दुसरा शत्रू तो पांढरा चुना. थर साचत जातो, भिंतीतली पाझराची छिद्रं बुजतात, वाट अरुंद होते. तो खरवडायचा तर माणूस आत पाहिजे, आणि माणसाला काम कळलं पाहिजे. घणाने ठोकून दगडी भिंतच हलली तर? हे काम ठेकेदाराच्या निविदेत ‘गाळ काढणे, नग १’ असं लिहून होणारं नाही. इराणात ही कामं करणाऱ्या घराण्यांचा पिढीजात धंदा होता. आपल्याकडे भुयारं राहिली, ती माणसं गेली.

आता परत आपल्या हद्दीत या. सातपुड्याच्या पायथ्याला जो दगडगोट्यांचा, वाळूचा पट्टा आहे, ज्याला भूजलवाले बझाडा म्हणतात, तो बऱ्हाणपूरला संपत नाही. तोच रावेर, यावल, चोपड्याच्या अंगाने पश्चिमेला जातो. डोंगराचं पाणी पिऊन पोटात साठवणारा हा पट्टा. खानखानाच्या माणसाने ज्या पाण्यावर भुयार बांधलं, त्याच जातीच्या पाण्यावर आपली केळी उभी आहे. आणि आज रावेर-यावलची नावं भूजलाच्या अतिउपशाच्या यादीत आहेत.

मी कोणाकडे बोट दाखवत नाही, कारण माझंही शेत त्याच पट्ट्यात आहे. आमच्या वडिलांच्या काळातली विहीर आहे, बांधीव, उतरायला पायऱ्या. लहानपणी आम्ही तिच्यात पोहायला शिकलो, पाठीला डबा बांधून. आता तळाला बाभूळ उगवलीय. बाग ट्यूबवेलवर आहे. पहिली आटली, दुसरी मारली. दुसरी मारली तेव्हा शेजारच्या काकांची आटली. ते काही बोलले नाहीत. त्यांनी पुढच्या वर्षी आमच्यापेक्षा खोल मारली.

गेल्या वर्षी, १० मे २०२५ ला, भोपाळमध्ये दोन्ही राज्यांनी तापी मेगा रिचार्जच्या करारावर सह्या केल्या. तापीच्या पुराचं पाणी कालव्यांनी सातपुड्याच्या पायथ्याशी न्यायचं आणि या बझाडा पट्ट्यात मुरवायचं, अशी योजना. या योजनेवर मी नोकरीला लागल्यापासून बातम्या लिहितोय, आता केस पांढरे झाले. व्हावी, नक्की व्हावी. पण एक प्रश्न मला दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना विचारायचाय. मुरवलेलं पाणी वर काढायला कोणाला किती मुभा, हे कुठे लिहिलंय का? नाही तर सरकार मुरवणार आणि आपण ६०० चे ८०० फूट करणार. आणि हे पाणी मुरवायची आखणी होताना बऱ्हाणपूरच्या जुन्या भंडाऱ्यांची नकाशावर नोंद झाली आहे का? चारशे वर्षांपूर्वी कोणीतरी पाझराची रेघ शोधून ठेवलीय, ती फुकटची माहिती आहे.

वारसा वगैरे शब्द आपल्याकडे कोणी मनावर घेत नाही, हे मला माहीत आहे. आमच्या गावात जुनं पाणीघर होतं. दगडी, कौलारू, आत ओतीव लोखंडाचे व्हॉल्व्ह, दारावर पितळी पाटी. नवी टाकी झाल्यावर ते धोकादायक ठरवून पाडलं. मी बातमी दिली, एक कॉलम, आतल्या पानावर. पाडलं त्या दिवशी एका निवृत्त व्हॉल्व्हमनने मला बाजूला घेऊन सांगितलं की कोणत्या गल्लीला कुठून पाइप गेलाय हे फक्त त्या घराच्या भिंतीवर खडूने लिहिलेलं होतं. कार्यालयात नकाशा नव्हताच. त्यानंतर दोन वर्षं आमच्याकडे लिकेज शोधायला रस्ते खोदत होते. भिंत का जपायची, तर अशासाठी.

बऱ्हाणपूरच्या लोकांना श्रेय दिलं पाहिजे. तिथे या विषयावर चिवटपणे बोलणारे, लिहिणारे लोक आहेत, म्हणून तर गोष्ट यादीपर्यंत गेली. आपण निदान शेजाऱ्यासारखं वागावं. व्हिडिओ फॉरवर्ड करण्याआधी एकदा जाऊन यावं. साडीच्या दुकानापासून रिक्षाने फार लांब नाही.

मी मेच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा जाणार आहे. लिफ्ट चालू असली तर उतरेन, नाहीतर वरून, तिथल्या लोकांना विचारून, दोर सोडून पाणी किती खाली आहे ते मोजेन. त्याच दिवशी घरी येऊन आमच्या बाभळीच्या विहिरीशेजारच्या ट्यूबवेलचंही मोजायचं ठरवलंय. पायथ्याच्या पट्ट्यात ज्यांची जुनी विहीर अजून ओली आहे त्यांनीही त्याच दिवशी मोजून ठेवा. दोराला गाठ मारा, तारीख लिहा. पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या सुट्टीत, पुन्हा मोजू. आकडे माझ्याकडे द्या, गावासकट छापतो. शेतकऱ्याचं नाव नको असेल तर नाव टाकणार नाही.